पाय मोडायची कळ

'शिक्षक दीना निमीत्त आयोजित एकदिवसीय प्रशिक्षण शिबीरात आपले हार्दीक स्वागत.'

सप्टेंबर उजाडला की नागपुरात कुठल्या ना कुठल्या सभागृहाच्या फाटकावर असा फ्लेक्स लागतोच. दहा शब्द, पाच चुका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा, त्यामुळे हा बिचाऱ्या शिक्षकाचा उत्सव झाला (महागाई भत्त्याची थकबाकी आठवली तर अगदीच खोटे नाही). 'निमित्त' हे शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला चिकटून हवे, आणि त्यातली वेलांटी पहिली: दिनानिमित्त. शिबिर आणि हार्दिक यांतही पहिलीच.

जरा जवळून पाहिले तर कळते की या चुका अडाणीपणाच्या नाहीत. लिहिणाऱ्याला नियम आठवतो आहे, पण अर्धाच. शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले आहे: गरीब, वकील, जमीन, फूल. त्याच चालीवर त्याने शिबीर, हार्दीक आणि दीन करून टाकले. नियमाची उरलेली अर्धी बाजू अशी, की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द यातून सुटतात. शिबिर, मंदिर, दिन, गुण, विष, चतुर हे मूळचे ह्रस्व, म्हणून मराठीतही ह्रस्व. आणि ज्या मराठी शब्दांत दीर्घ असते, त्यांतही प्रत्यय लागला की ते ह्रस्व होते: गरीब पण गरिबाला, जमीन पण जमिनीत. म्हणजे शिबिर हा शब्द मराठी वळणाचा मानला, तरी 'शिबीरात' चूकच ठरते. एकाच शब्दात दोनदा चुकायला अर्धा नियम पाठ असावा लागतो.

शिक्षकांच्या व्याकरण-प्रशिक्षणात नेमके हेच होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ नियम पडद्यावर एकामागून एक सरकत जातात. तज्ज्ञ उदाहरणे सांगतात, समोरचे माना डोलावतात, चहा येतो. दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी 'डिजिटल साक्षरता' असते. तिथे शिक्षकांसाठीचे सरकारी दीक्षा ॲप, गूगल फॉर्म, ओटीपी कुणाला सांगू नका. या दोन दिवसांची एकमेकांशी ओळखच होत नाही. माझे म्हणणे एवढेच, की हे दोन्ही एकाच टेबलावर, एकाच कीबोर्डवर शिकवावे. हाताने लिहिताना वेलांटी अशी काही मधोमध ओढता येते, की पहिली म्हटली तर पहिली, दुसरी म्हटली तर दुसरी. कीबोर्डवर ती पळवाट नाही. एक कळ दाबावीच लागते, आणि ती दाबण्याआधी ठरवावे लागते.

तास कमी पडतात अशी तक्रार ऐकू येते, ती फारशी खरी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे. दीक्षा २०१७ पासून आहे, निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ पासून. शाळासमूहाच्या केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतात, डाएट म्हणजे जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था आहे. तास आहेत, ते कशात जातात हा प्रश्न. २० तास या कामाला द्यावेत: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चार-चार तास, असे पाच शनिवार. सलग तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा हे बरे, कारण कीबोर्ड बोटांत उतरायला मधले दिवस लागतात. रोज १५ मिनिटे टाइप केले तर साधारण तीन आठवड्यांत नजर कळांवरून उठते. तीन दिवस सलग आठ तास बसवले तर फक्त मान दुखते. सलगच घ्यायचे असेल तर नागपुरात त्याला एक सोयीची जागा आहे: उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तो आधीचा आठवडा. मे महिन्यात पत्र्याखालच्या संगणक कक्षात बारा मशीन आणि चोवीस माणसे बसवायचा विचारही करू नये.

चोवीस हा आकडा मी मुद्दाम घेतला. दोघांत एक संगणक: एक सांगतो, एक टाइप करतो, वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. सांगणाऱ्याला 'शी, दुसरी' असे तोंडाने म्हणावे लागते, आणि निम्मे व्याकरण तिथेच होते. एका संगणकावर तिघे झाले की तिसरा व्हॉट्सॲपवर जातो.

आता कीबोर्ड. विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज (विंडोज ११ मध्ये लँग्वेज अँड रीजन), ॲड अ लँग्वेज, आणि यादीतून मराठी. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. कीबोर्डच्या यादीत 'मराठी' आणि 'मराठी फोनेटिक' असे दोन दिसले, तर प्रशिक्षणासाठी पहिला घ्यावा. तो इन्स्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत शब्द लिहिला की खाली चार-पाच पर्याय येतात आणि माणूस पहिल्यावर बोट ठेवतो. घाईच्या निरोपाला ते ठीक आहे. पण तिथे ह्रस्व की दीर्घ हा निर्णय यंत्राने घेतलेला असतो, आणि आपल्याला तोच तर शिकायचा आहे.

इन्स्क्रिप्टची मांडणी ज्याने केली त्याला वर्णमाला मनापासून आवडत असणार. १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. क च्या कळेवर शिफ्ट धरून दाबले की ख, ग वर घ, च वर छ, ज वर झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ, दहाच्या दहा जोड्या अशाच. म्हणजे महाप्राण म्हणजे शिफ्ट. आठवीच्या वर्गात अल्पप्राण-महाप्राण शिकवताना जे तोंडासमोर हात धरून फुंकर दाखवून सांगावे लागते, ते इथे करंगळीला कळते. डाव्या हाताला याहून गंमत आहे. मधल्या ओळीत ए ची कळ ओकार, एस ची एकार, एफ ची पहिली वेलांटी, जी ची पहिला उकार. त्यांच्याच डोक्यावर, वरच्या ओळीत, क्यू वर औकार, डब्ल्यू वर ऐकार, आर वर दुसरी वेलांटी, टी वर दुसरा उकार. खालचे बोट वर सरकले की ह्रस्वाचे दीर्घ होते, ओ चा औ होतो. याच कळा शिफ्टसह दाबल्या की काना-मात्रेऐवजी पूर्ण स्वर उमटतो. पाठ करायला फार उरत नाही, आणि फळ्यावर ही दोन ओळींची आकृती काढून द्यायला पाच मिनिटे पुरतात.

मधल्या ओळीत डी ची कळ आहे. ती अक्षराचा पाय मोडते. त दाबा, डी दाबा: त्. पुढे व दाबा: त्व. सगळी जोडाक्षरे या एका कळेतून निघतात, म्हणून पहिला अख्खा तास तिच्यावरच घालवावा.

'आशीर्वाद' घ्या. शाळेच्या पत्रांत हा शब्द सर्रास 'आर्शिवाद' असा दिसतो. कारण सरळ आहे: रफार डोळ्यांना वर कुठेतरी तरंगताना दिसतो, तो नेमका कुणाच्या डोक्यावर बसायचा हे डोळा ठरवू शकत नाही. कान ठरवू शकतो. इन्स्क्रिप्टवर शब्द उच्चाराच्या क्रमानेच टाइप होतो: शिफ्ट-ई ने आ, शिफ्ट-एम ने श, आर ने दुसरी वेलांटी, मग जे ने र, डी ने त्याचा पाय मोडायचा, बी ने व, ई ने काना, ओ ने द. आठ कळा. र चा पाय मोडून व दाबला की रफार आपोआप वा वर जाऊन बसतो, आपण त्याला उचलून ठेवत नाही. हा शब्द दहा वेळा टाइप केलेला माणूस नंतर हाताने लिहितानाही 'शी' म्हणून थांबतो, मग 'र्वा' म्हणतो.

पहिली वेलांटीही अशीच. ती दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप होते नंतर. जुन्या टाइपरायटरवर, म्हणजे रेमिंग्टन मांडणीवर, हात बसलेले शिक्षक आणि लिपिक इथे हमखास अडकतात. ते सवयीने वेलांटी आधी दाबतात आणि पडद्यावर ठिपक्यांचे एक गोल वर्तुळ उमटते. ते वर्तुळ म्हणजे 'मला टेकायला व्यंजन नाही' असे वेलांटीचे म्हणणे. हे एकदा समजावले की निम्मी चिडचिड संपते. अशांना स्वतंत्र रांगेत बसवून पहिले दोन शनिवार जास्त वेळ द्यावा. त्यांचा वेग आधीच चांगला असतो, मोडायची असते ती सवय.

इथे एक्सेल कामाला येते, आणि तेही हजेरीपटासाठी नव्हे. 'लेन' नावाचे सूत्र खान्यातल्या मजकुराची लांबी मोजते. 'शिक्षक' लिहून लांबी विचारा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, उत्तर येते ६: श, वेलांटी, क, पायमोड, ष, क. आता हाच शब्द वर्णविग्रह करून, म्हणजे एकेक वर्ण सुटा करून, लिहायला सांगा: श्, इ, क्, ष्, अ, क्, अ. सात वर्ण. सहा आणि सात यांचा मेळ का बसत नाही, यावर वर्गात अर्धा तास सुखाने जातो. उत्तर असे, की व्याकरण क् पासून सुरू करते आणि त्यात अ मिळवते; यंत्र अ सकट पूर्ण क साठवते आणि गरज पडली तर त्याचा पाय मोडते. एक जोडत जाते, दुसरे तोडत जाते. हे समजलेला शिक्षक सहावीला वर्णविग्रह शिकवताना चाचपडत नाही.

'महत्व' ची लांबी ५ येते, 'महत्त्व' ची ७. मधला एक त आणि एक पायमोड कुठे गेले? मूळ शब्द महत्, त्याला त्व प्रत्यय. तत् ला त्व लागून तत्त्व, सत् ला त्व लागून सत्त्व. व्यक्तिमत्त्वातही दोन त आहेत. पण नेतृ ला त्व लागून नेतृत्व, तिथे एकच. अस्ति ला त्व, अस्तित्व. पाठांतर नको, फक्त त्व काढून मागे काय उरते ते पाहायचे. शाळेच्या जुन्या फायलींत 'महत्व' शोधून सगळीकडे एकदम बदलता येते आणि ते सुरक्षितही आहे, कारण बरोबर लिहिलेल्या 'महत्त्व' मध्ये 'महत्व' ही अक्षरमालिका सापडत नाही. मात्र 'दीन' शोधून सगळीकडे 'दिन' करू नका. दीनदुबळे, दीनदयाळ सगळे एका फटक्यात बिघडतील. 'सगळे बदला' हे बटण दाबण्याआधी 'पुढचा शोधा' दाबून पाच-सात ठिकाणे डोळ्यांखालून घालावीत, ही सवय मी डिजिटल साक्षरतेत पासवर्डच्याही आधी ठेवेन.

आणखी एक जोडी: दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, म्हणजे गुरूंना आणि स्वयंपाक्यांना. स्नेहसंमेलनाच्या पत्रात 'आचार्यांना भाजीत तिखट कमी टाकण्यास सांगावे' असे गेले की काय होते ते सांगायला नको, त्यात नागपूरचे तिखट. टाइप करताना फरक एका शिफ्टचा आहे: साधा र जे वर, आणि हा वाटोळा अर्धा र हवा असेल तर शिफ्ट-जे ने ऱ, मग डी, मग य. जुन्या मजकुरात हेच रूप साध्या र ला पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून केलेले असते. दिसायला दोन्ही सारखे. पण लांबी मोजली तर नव्या पद्धतीचा 'दऱ्या' ५ भरतो, जुना ६, आणि एकाने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. ॲ चेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, एकसंध ॲ दिला, त्याआधी अ वर चंद्र बसवून काम भागवायचे. अजूनही तसे लिहिलेले खूप सापडते. बॅकस्पेस एकदा दाबा: फक्त चंद्र उडाला आणि अ मागे राहिला तर तो जोडलेला.

हा कीस कशाला, असे वाटेल. गूगल फॉर्मवर एका शब्दात उत्तर द्यायची चाचणी लावली की लगेच कळते. तुम्ही उत्तर म्हणून 'ॲप' लिहिले, मुलाने जोडलेल्या चंद्राने लिहिले, दोघांचेही बरोबर, आणि फॉर्मने शून्य गुण दिले. फॉर्म अर्थ पाहत नाही, सांकेतिक खुणा जुळतात का तेवढे पाहतो. उत्तरांच्या यादीत दोन्ही रूपे टाकावीत, आणि 'बाकी सर्व उत्तरे चूक' ही चौकट शक्यतो मोकळी ठेवावी, म्हणजे उरलेली उत्तरे हाताने तपासता येतात. व्याकरणाच्या चाचणीला तर बहुपर्यायीच बरे. 'शुद्ध रूप निवडा' मध्ये चार पर्याय देताना एक काळजी: चुकीची रूपे तीन आणि बरोबर एक असे दिले की मूल चुकीची रूपे तिप्पट वेळा पाहते. दोन पर्याय पुरे.

चाचणीवरून पहिल्या शनिवारचा पहिला अर्धा तास. १०० शब्दांचे श्रुतलेखन, हाताने, कागदावर. उतारा पुस्तकातला नको, शाळेच्या रोजच्या पत्रव्यवहारातला घ्यावा: पालकसभेची सूचना, बक्षीस वितरणाचे निमंत्रण. चुका चार रकान्यांत मोजायच्या: ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षर, आणि शब्द तोडणे किंवा जोडणे. ज्याने त्याने स्वतःच तपासायचे, आकडा कुणाला सांगायचा नाही. वीस वर्षे लाल पेन वापरलेल्या माणसाच्या चुका चारचौघांत वाचल्या तर तो पुढच्या शनिवारी येत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. पाचव्या शनिवारी तसाच दुसरा उतारा, या वेळी कीबोर्डवर. कुठला रकाना रिकामा झाला ते ज्याचे त्याला दिसते.

ह्रस्व-दीर्घचा रकाना सर्वांत भरलेला निघेल असे धरून चाला. त्यावर १८ नियमांपेक्षा प्रत्ययांची वाट सोपी. 'इक' असला की पहिली वेलांटी: हार्दिक, वार्षिक, प्राथमिक, माध्यमिक, शैक्षणिक, सार्वजनिक. 'इत' लागून झालेली विशेषणे, तीही ह्रस्व: नियमित, संबंधित, प्रशिक्षित. 'ईय' असला की दीर्घ: भारतीय, शासकीय, एकदिवसीय. शाळेच्या पत्रातले बरेचसे अवघड शब्द एवढ्यात निकालात निघतात. स्त्रीरूपांत इनी-इका ह्रस्व: विद्यार्थिनी, शिक्षिका, मुख्याध्यापिका. विद्यार्थी दीर्घ आणि विद्यार्थिनी ह्रस्व, हे मात्र सांगावेच लागते. परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा या मूळच्या दीर्घ आहेत, त्या तशाच राहतात.

मग दोन रकान्यांचा एक्सेल तक्ता: डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे 'ला' किंवा 'त' लावून. गरीब, गरिबाला. बहीण, बहिणीला. मूल, मुलाला. बक्षीस, बक्षिसाला. शरीर, शरीराला, इथे सगळे थबकतात, कारण हा तत्सम आहे, म्हणून दीर्घ टिकला. आणि नागपूर. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा असा नियमच आहे आणि त्याच्या उदाहरणांत नागपूर आहे. पण नागपुरात, नागपुराहून, नागपुरी संत्री हे ह्रस्व, कारण पुढे अक्षर वाढले. 'नागपूरला' मात्र दीर्घ, कारण तिथे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी होणारे शब्दाचे बदललेले रूप, झालेच नाही, प्रत्यय मूळ नावालाच चिकटला. संत्र्यांच्या पेट्यांवर 'नागपूरी' छापलेले असते ते वाचत वर्गात या, आयते उदाहरण आहे.

अनुस्वाराचा नियम एकच सांगावा: अनेकवचनी सामान्यरूपावर तो हवा. मुलांना, शाळांसाठी. आदरार्थी बहुवचनही अनेकवचनच, म्हणून 'मुख्याध्यापकांचे पत्र' एकाच मुख्याध्यापकाचे असले तरी टिंब लागते.

आता बोलीचा प्रश्न, जो पुण्यात छापलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत सापडणार नाही. नागपूर जिल्ह्यातले मूल 'मले भूक लागली', 'तो जेवून राहिला' म्हणते. 'मले' ही चूक नाही, चतुर्थीचा वेगळा प्रत्यय आहे: प्रमाण भाषेत ला, इथे ले. 'जेवून राहिला' हा या बोलीतला अपूर्ण काळ, 'जेवत आहे' इतकाच नियमबद्ध. शिक्षकाने फळ्याचे दोन भाग करून घरचे वाक्य डावीकडे, पुस्तकातले उजवीकडे लिहावे आणि प्रत्ययाखाली रेघ ओढावी. मुलाला विभक्ती समजते, शिवाय घरच्या भाषेची लाज वाटत नाही. ळ चा य (डोया, काया) आणि ण चा न (पानी, कोन) हे मात्र लेखनात उतरतात, आणि तिथे पुन्हा कीबोर्ड मदतीला येतो: ळ आणि य वेगळ्या कळांवर आहेत, ळ हा ल च्या कळेवर शिफ्टसह. ण आणि न ही वेगळ्या कळांवर आहेत. कान चुकला तरी बोट विचारते. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडच्या शाळांत गोंडी आणि हिंदी बोलणारी मुलेही असतात, तिथे फळ्याचे तीन भाग करावे लागतील. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे हिंदी इथे पाहुणी नाही, घरचीच आहे. कार्यालयीन मराठीत 'कि' ह्रस्व लिहिण्याची सवय हिंदीतल्या पत्रांवरूनच पक्की झाली, असे कुणी कुणी म्हणतात. हिंदीत 'कि' म्हणजे आपला 'की' आणि 'की' म्हणजे आपला 'ची', असा अर्थभेद आहे. मराठीत उभयान्वयी 'की' दीर्घच, आणि 'आणि', 'नि' मात्र ह्रस्व.

या बोलीमुळे बोलून टाइप करण्याची सोय जपून वापरावी. गूगल डॉक्समध्ये ती क्रोममधून मराठीत चालते, पण ती बसवली आहे प्रमाण उच्चारांवर, आणि विरामचिन्हे हातानेच घालावी लागतात. दोन पानांच्या अहवालाचा पहिला खर्डा तोंडी सांगायला उत्तम. त्यावर पेन फिरवल्याशिवाय पाठवायचा नाही.

शब्दतपासणीकडूनही फार आशा नको. लिब्रऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्दकोशाचे विस्तारक बसवता येते. पण मराठीत एका शब्दाला प्रत्ययांची शेपटी लागते. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' सारखा बिनचूक शब्द यादीत नसला की खाली लाल रेघ, आणि 'शिक्षक दीन' खाली रेघ नाही, कारण दीन हाही शब्दच आहे. लाल रेघ म्हणजे 'पुन्हा पाहा', 'चूक' नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना उतारा दिला तर दुरुस्ती चटकन मिळते, पण कारण विचारावे आणि ते नियमाशी ताडावे. चुकीचे कारणही ते तितक्याच ठामपणे देते. वर्गासाठी चांगला खेळ: त्याने केलेल्या दुरुस्त्यांतली एक चुकीची दुरुस्ती शोधा. आणि मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असलेला तक्ता अशा साधनांत किंवा व्हॉट्सॲप गटात टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे 'बालक' आहेत आणि पालकांच्या संमतीची अट आहे.

शाळांच्या संगणकांत जुना खजिना पडलेला असतो कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये). हे टंक म्हणजे मुखवटा. आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. कृतीदेवमधला 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, मोठा बी, एच असा आहे. टंक काढला की तेच उघडे पडते. म्हणून फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की 'मजकूर गेला' अशी बोंब होते. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. बदलून झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: ठिपक्यांचे वर्तुळ कुठे आहे का, रफार एक अक्षर पुढे-मागे सरकला का, आणि ऱ्य ठीक उतरला का. विद्यार्थ्यांची नावे तर एकेक करून मूळ रजिस्टरशी ताडावीत, कारण नावाची चूक दाखल्यावर गेली की ती दुरुस्त करायला पालकाला हेलपाटे घालावे लागतात.

राहिला फ्लेक्स. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडचे चित्रांकनाचे सॉफ्टवेअर बरेचदा जुने असते, तुमचा युनिकोड मजकूर त्यात नीट उमटत नाही, म्हणून तो व्हॉट्सॲपवरचा निरोप पाहून पुन्हा टाइप करतो, तेही रात्री अकराला. मजकूर पाठवण्याऐवजी पान पाठवावे. सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स असेल तर लिब्रऑफिस ड्रॉमध्ये रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवून पान आखा, मजकूर युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ करा आणि 'अक्षरे बदलू नका, आहे तसे घ्या' असे सांगून द्या. तरी छपाईआधी पडद्याचा फोटो मागवून घ्या, आणि शब्द उलट क्रमाने वाचा: स्वागत, हार्दिक, आपले, शिबिरात. सरळ वाचले की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि वेलांटी सुटते.